उजनीवरच्या होडीचा रात्रीचा दिवा: भाऊबीज ते सोलापूरची गड्डा यात्रा, कामाच्या नोंदी

३ नोव्हेंबर २०२४, रविवार, भाऊबीज

ताई करमाळा तालुक्यात, उजनी धरणाच्या फुगवट्याकाठी दिलेली. ओवाळणी झाली, जेवायला बसलो आणि दाजींनी गेल्या आठवड्यातली गोष्ट सांगितली. पहाटे साडेचारला ते जाळं उचलत होते. मागून इंजिनाची होडी आली. आवाज येत होता, पण नेमका कुठून ते उमगेना. ओरडेपर्यंत ती वल्ह्याच्या अंतरावरून निघून गेली आणि जाळ्याचा दोर तिच्या पंख्यात गुंतून तुटला. दाजींच्या गळ्यात टॉर्च होता, पण त्याचं तोंड खाली जाळ्याकडे. मागून येणाऱ्याला तो दिसणार कसा?

२१ मेला कुगावहून कळाशीला जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. ते वाऱ्यामुळे झालं, दिव्याचा त्याच्याशी संबंध नाही. पण तेव्हापासून दाजी पहाटे पाण्यावर गेले की ताईला झोप लागत नाही. म्हणून हे काम अंगावर घेतलं.

माझं सोलापुरात मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. वायर, बॅटरी, बल्ब हे माझं रोजचं. पाण्यावर टिकेल असं काम मात्र कधी केलं नव्हतं. होडी फायबरची, १६ फुटी, दोन वल्ही, जोडीला लहान पेट्रोल इंजिन. ज्यांना असंच काही करायचंय त्यांच्यासाठी लिहून ठेवतोय. चुका आणि पैसे दोन्ही लिहीन.

१० नोव्हेंबर, रविवार

१० वॅटचा १२ व्होल्टचा फ्लड दिवा घेतला, ३२० रुपये. होडीच्या पुढच्या टोकाला बसवला. बॅटरी दाजींच्या फवारणी पंपाची, १२ व्होल्ट ८ अँपिअर-तास, घरात पडून होती.

पूर्ण फसलं. होडीचा पुढचा भाग आतून पांढरा आहे. त्यावर उजेड पडून सरळ डोळ्यांत यायचा. दाजींना जाळ्याला बांधलेल्या बाटल्यासुद्धा दिसेनात. "पाव्हणं, ह्यो दिवा मलाच आंधळा करतोय," म्हणाले आणि दहा मिनिटांत बंद केला. बंद केल्यावरही बराच वेळ त्यांना काठ दिसत नव्हता. अंधाराला सरावलेले डोळे एकदा दिपले की परत सरावायला वीस-पंचवीस मिनिटं सहज जातात.

दुसरी चूक त्याहून मोठी. फ्लड दिवा फक्त पुढे उजेड टाकतो आणि दाजींवरचं संकट मागून आलं होतं. काठावर उभा राहून बघितलं तर बाजूने होडीचा नुसता अंदाज येत होता, मागून तोही नाही.

बॅटरीही साडेतीन तासांत बसली. हिशेबाने ०.८३ अँपिअर खेचणारा दिवा आठ-नऊ तास चालायला हवा होता. पण ही बॅटरी पावसाळाभर अर्धवट उतरलेल्या अवस्थेत पडून होती. लेड-ॲसिड बॅटरी अशी ठेवली की कायमची मरते, हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगतो. इथे तपासायचं राहिलं.

१६ नोव्हेंबर, शनिवार

त्रिपुरी पौर्णिमा कालच झाली. होडीच्या मागच्या टोकाला तात्पुरती काठी बांधून तिच्यावर ३ वॅटचा साधा बल्ब लावला आणि भाच्याला घेऊन काठावरून बघितलं. झकास दिसत होता. समाधानाने सोलापूरला परतलो.

ही चाचणी फुकट गेली, ते दोन आठवड्यांनी कळलं. चांदण्यात होडीच दिसत होती, दिवा नसता तरी दिसली असती. पौर्णिमेच्या आगेमागे दिव्याची परीक्षा घेऊ नका.

२० नोव्हेंबर, बुधवार, मतदानाची सुट्टी

मत देऊन आलो, दुकान बंदच होतं, दिवसभर बाकावर काम केलं.

आधी उजेड किती हवा ते ठरवलं. समुद्रावरच्या जहाजांसाठी १९७२ ची आंतरराष्ट्रीय नियमावली आहे. धरणाला ती लागू नाही, पण मोजमाप म्हणून चांगली आहे. सात मीटरपेक्षा लहान आणि ताशी सात सागरी मैलांपेक्षा (सुमारे १३ किलोमीटर) हळू चालणाऱ्या इंजिनाच्या होडीला चहूबाजूंनी दिसणारा एक पांढरा दिवा चालतो. जमत असेल तर बाजूचे लाल-हिरवे दिवेही लावावेत. नुसत्या वल्ह्यांच्या होडीने निदान पेटता कंदील किंवा टॉर्च हाताशी ठेवून टक्कर टळेल इतक्या वेळेत दाखवावा, असं आहे.

लहान होडीचा पांढरा दिवा दोन सागरी मैलांवरून, म्हणजे सुमारे ३.७ किलोमीटरवरून दिसायला हवा. त्यासाठी लागणारा उजेड आहे ४.३ कँडेला (एका दिशेने जाणाऱ्या उजेडाचं माप). साधारण चार मेणबत्त्या! हा आकडा मी दोनदा तपासला. माझ्या ३ वॅटच्या बल्बच्या खोक्यावर २७० लुमेन (एकूण उजेडाचं माप) लिहिलंय. सगळीकडे सारखा पसरला तर तो २१ कँडेलाच्या आसपास भरतो. म्हणजे १० वॅटची गरज कधीच नव्हती. उजेड पुरेसाच होता, दिव्याची जागा चुकत होती.

एक बारकावा: साधा एलईडी बल्ब उभा लावला की त्याचा जास्तीत जास्त उजेड आभाळाकडे जातो. म्हणून कणसासारखा, चारी बाजूंनी एलईडी असलेला बल्ब घेतला, ९० रुपये. एक जादा घेऊन ठेवला. वर पावसा-दवापासून आडोसा म्हणून दुधी प्लास्टिकची बरणी उलटी बसवली. दांडा म्हणून ॲल्युमिनियमचा पाइप घेतला, ४१० रुपये, वायर पाइपातून ओवून वर नेली.

२४ नोव्हेंबर, रविवार

आज वाईट होता होता वाचलं.

पाण्यावर अर्धा तास झाला आणि जळक्या प्लास्टिकचा वास आला. पाइपाच्या खालच्या तोंडाला कापल्याची धार राहिली होती. होडी डुलेल तसा पाइप हलायचा आणि ती धार वायरीचं आवरण सोलत होती. दोन्ही तारा पाइपाला टेकल्या आणि शॉर्ट झाला. दाजींनी बॅटरीचं टोक उपटून काढलं, त्यांचं बोट भाजलं. पेट्रोलचा कॅन तिथून हातभर अंतरावर होता.

फ्यूज लावला नव्हता. दुकानात कुणाच्या पंपाला फ्यूज नसेल तर मी काम हातात घेत नाही आणि घरच्या माणसाच्या होडीत तो विसरलो. हे लिहिताना अजून हात जड होतोय. आता बॅटरीच्या अधिक टोकापासून वीतभर अंतरात २ अँपिअरचा फ्यूज आहे. बॅटरी होडीच्या मागच्या टोकाला, पेट्रोल पुढे.

पाइप बाद. दाजींनी बांधावरून बांबू तोडून आणला. हलका, वीज न वाहणारा, फुकट. वायर बाहेरून दर वीतभर अंतरावर सुतळीने बांधली. आधीच हे करायला हवं होतं.

३० नोव्हेंबरची रात्र, १ डिसेंबरची पहाट, अमावस्या

पहिली खरी परीक्षा. मी शेजारच्यांच्या होडीत बसलो, दाजी आपल्या होडीत पुढे गेले. ऊस कारखान्यांचा हंगाम सुरू झालेला. पलीकडच्या काठावर कारखान्याचे झगझगीत दिवे, अलीकडे ऊसतोडीच्या ट्रॅक्टरांचे, मध्ये वस्त्यांवरचे बल्ब.

अर्धा किलोमीटर गेल्यावर दाजींचा दिवा मला सापडेना. बल्ब जळत होता, उजेड पुरेसा होता, पण काठावरच्या पंधरा-वीस पांढऱ्या ठिपक्यांत तो एकविसावा ठिपका होता. फोन करून विचारलं, "दाजी, दिवा चालू आहे ना?" ते म्हणाले, "चालू हाय. तुम्ही कुठं बघताय?" मी चुकीच्या ठिकाणीच बघत होतो.

ते जाळं ओढायला उभे राहिले आणि दिवा पूर्ण गायब झाला. काठी फक्त साडेपाच फुटांची, दिवा त्यांच्या डोक्याआड. म्हणजे ज्या वेळी ते हलू शकत नाहीत, दोन्ही हात गुंतलेले असतात, नेमका त्याच वेळी दिवा झाकला जात होता.

पहाटे काठावर चहा पिताना तिघांनी मिळून ठरवलं:

काठी सात फुटांची करायची आणि अगदी मागच्या टोकाला लावायची, म्हणजे पुढे उभा माणूस ती झाकणार नाही. जाळं ओढताना दाजींची पाठ दिव्याकडे असते, त्यामुळे डोळेही दिपत नाहीत.

काठावरच्या दिव्यांत मिसळण्याला मात्र पुरता इलाज नाही. पाण्यावर बसून बघणाऱ्याला किलोमीटरभर लांबचा सात फुटांवरचा दिवाही काठाच्या रेषेतच दिसतो. उंची वाढवून तो काठाच्या वर जात नाही. पहिला विचार लुकलुकणाऱ्या दिव्याचा आला. सायकलचा मागचा लाल लुकलुकणारा दिवा लावून बघितलाही. लक्ष वेधतो, पण तो जवळ येतोय की लांब जातोय ते ठरवता येत नाही. शिवाय आमच्याकडे काही जण जाळ्यांच्या खुणेला तसेच दिवे लावतात. होडी समजून बाजूने जाण्याऐवजी कुणी जाळं बघायला जवळच यायचा. सोडून दिला.

उपयोग झाला तो रेडियमच्या पट्टीचा. उसाच्या ट्रॉलीला मागे लावतात तीच. होडीच्या दोन्ही बाजूंना पाण्यापासून वीतभर वर, आणि काठीच्या वरच्या दोन फुटांना गुंडाळून. समोरच्याने टॉर्च मारला की नुसत्या ठिपक्याऐवजी होडीचा आकार उठून दिसतो. २४० रुपयांत या कामातली सर्वांत जास्त फळ देणारी गोष्ट हीच.

आणि एक सवय. इंजिनाचा आवाज ऐकू आला की टॉर्च समोरच्याच्या डोळ्यांवर न मारता आधी स्वतःच्या अंगावर मारायचा. दाजींसाठी भगव्या रंगाचं लाइफ जॅकेट ताईने जूनमध्येच घ्यायला लावलं होतं. त्यावर उजेड पडला की उजळलेला माणूस लांबून ओळखू येतो. हे मी पाचशे मीटरवरून स्वतः बघितलं.

८ डिसेंबर, रविवार

नवी काठी बसली. नवी बॅटरी घेतली, १२ व्होल्ट ७ अँपिअर-तास, १,०५० रुपये. ३ वॅटचा दिवा पाव अँपिअर खेचतो. अर्ध्याच्या खाली बॅटरी उतरू द्यायची नाही असं धरलं तरी चौदा तास मिळतात. दाजींना लागतात चार.

सोलर पॅनेल घेतलं होतं, १० वॅटचं, ७२० रुपये. वाया. दाजी इंजिनाबरोबर बॅटरीही रोज घरी नेतात, कारण काठावर ठेवली तर राहणार नाही. मग घरीच चार्जरला लावणं सोपं. विकत घेण्याआधी एकदा विचारायला हवं होतं.

खाली उजेड सांडू नये म्हणून दिव्याखाली पत्र्याचं ताट बसवलं. बसल्या जागी दाजींच्या डोळ्यांवर आता काही येत नाही. छान वाटलं.

१० डिसेंबर, मंगळवार

दाजींचा फोन. जाळं ओढताना होडी एका अंगाला कलते, तेव्हा वर झालेल्या बाजूने दिवा दिसत नाही असं शेजारच्यांनी सांगितलं. कारण लगेच कळलं. ताट एक फूट व्यासाचं आणि बल्ब त्याच्या जेमतेम तीन सेंटिमीटर वर. होडी दहा-बारा अंशांनी कलली की ताटाची कड दिव्याआड येते. ताट काढून डब्याचं झाकण लावा म्हटलं, सहा इंची, आणि बल्ब चार सेंटिमीटर वर घ्या. आता होडी पंचवीस अंश कलली तरी दिवा दिसतो. बसलेल्या माणसाच्या डोळ्यांवर तरीही येत नाही, कारण तो त्याहून बराच खाली असतो.

१५ डिसेंबर, रविवार

लाल-हिरव्या दिव्यांचं काम सुरू केलं. डाव्या बाजूला लाल, उजव्या बाजूला हिरवा. प्रत्येक दिवा नाकासमोरपासून आपल्या बाजूने ११२.५ अंशांपर्यंत, म्हणजे काटकोनाच्या थोडं मागेपर्यंत दिसायला हवा.

पांढऱ्या एलईडीवर लाल-हिरवा पारदर्शक पत्रा लावला, १५० रुपये. लाल जवळजवळ विझल्यासारखा. थंड पांढऱ्या एलईडीत लाल रंग मुळातच कमी असतो, मग लाल पत्र्यातून बाहेर काय येणार? मुळातच लाल आणि मुळातच हिरवा एलईडी आणला, १६० रुपये दोन्हींचे. फरक पहिल्या नजरेला कळला.

२२ डिसेंबर, रविवार

उजनीला न जाता हिप्परगा तलावावर चाचणी. तुळजापूर रस्ता सोडला की काठावर अंधार बरा असतो. प्लायवुडच्या खोक्यात मध्ये पडदा, दोन्ही बाजूंना एकेक दिवा. मित्र खोकं धरून उभा, मी समोर चालत फिरलो.

पडदा सहा सेंटिमीटरचा ठेवला होता आणि दिवे त्याच्यापासून दोन सेंटिमीटरवर. समोरून डावीकडे-उजवीकडे अठरा अंशांपर्यंत दोन्ही रंग एकदम दिसत होते. बघणाऱ्याला वाटणार, होडी सरळ माझ्याच अंगावर येतेय. पडदा तीस सेंटिमीटरचा केल्यावर हे चार अंशांवर आलं. पडद्याला चकचकीत काळा ऑइलपेंट होता, त्यावरून लाल उजेड हिरव्या बाजूला परावर्तित व्हायचा. घासून फळ्याचा काळा रंग दिला. चार संध्याकाळी यात गेल्या.

३० डिसेंबर, सोमवती अमावस्या

दुकान बंद ठेवून रविवारीच गेलो. पहाटे पाण्यावर दाट धुकं. पांढरा दिवा तीन-चारशे मीटरवर संपला. होडीत बसलेल्यांना सगळीकडे दुधी भिंत. अशा वेळी दिव्यावर विसंबू नये हे माझं स्पष्ट मत झालं. चाळीस रुपयांची शिट्टी लाइफ जॅकेटला बांधली आणि दाजी धुकं विरेपर्यंत काठाजवळच थांबले.

धुकं विरल्यावर अंधार थोडाच उरला होता, तरी दीड किलोमीटरवरून दिवा स्वच्छ दिसला. वाऱ्याने होडी हलत होती, पण तो एकदाही झाकला गेला नाही.

लाल-हिरव्याबद्दल दाजींचं म्हणणं पटलं. इथल्या होड्यांवर बाजूचे दिवे नाहीत, त्यामुळे रंग बघून दिशा ओळखायची कुणाला सवय नाही. काढून टाकले नाहीत. वेगळा स्विच दिलाय, इंजिन चालू असताना लावायचे. वल्ह्यावर आणि जाळ्यावर फक्त पांढरा. समुद्री नियमात अशी मासेमारी चालू असताना वर लाल, खाली पांढरा असे दोन दिवे सांगितलेत, ते केले नाहीत. वर लाल दिसला की इथे सगळ्यांना जाळ्याची खूण वाटेल.

५ जानेवारी २०२५, रविवार

दिवा मंद झाला म्हणून खाली उतरवला. बरणी उघडली तर आत चिलटांचा बोटभर थर, बल्बाला चिकटलेला, ओला. पाण्यावर पहाटे ती ढगासारखी असतात. खालच्या फटीतून आत शिरत होती. फट सिलिकॉनने बंद केली, पण एक बारीक भोक खाली ठेवलं, नाहीतर आत दव साचतं. भोकावर नायलॉनची जाळी.

खरा दोष मात्र जोडात निघाला. काठीच्या बुडाशी दोन वायरी पिळून वर टेप लावला होता. टेप सोडला तर आतली तांब्याची तार हिरवट काळी, बोटाने चोळली तर भुकटी होऊन तुटली. सहा आठवड्यांत! पाणी वायरीवरून ओघळत सरळ जोडात जात होतं. आता जोड डाग देऊन पक्का केला, वर हीट श्रिंक (तापवली की आक्रसून घट्ट बसणारी नळी), टोकांना सिलिकॉन. आणि जोडाच्या अलीकडे वायरीला खाली एक झोल दिला, म्हणजे पाणी झोलाच्या तळाशी येऊन टपकतं, पुढे जात नाही. टेपावर भरवसा ठेवू नका, दुकानातल्या कोरड्या कामात चालतं ते इथे चालत नाही.

१२ जानेवारी

गड्ड्याची यात्रा. काम बंद.

१९ जानेवारी, रविवार

दोन आठवडे रोज वापर झाला. बॅटरी घरी आणल्यावर दाजी मीटर लावून बघतात, १२.५ व्होल्टच्या खाली एकदाही गेली नाही. १२.२ दिसलं तर त्या दिवशी चार्ज केल्याशिवाय न्यायची नाही, असं बॅटरीवरच रंगाने लिहून दिलंय. एकदा बुडालेल्या बाभळीच्या फांदीत काठी अडकली. बुडाशी खोबणीत बसवली असल्याने ती नुसती निघाली, मोडली नाही. वायरीला तिथे ओढून सुटणारी पिन आहे, तीही सुटली. हे सुदैवाने आधीच सुचलं होतं.

खर्च: जे होडीवर राहिलं त्याचे २,३४० रुपये, त्यात बॅटरीच जवळपास निम्मी. जे वाया गेलं त्याचे १,६००: फ्लड दिवा, पाइप, सोलर, रंगीत पत्रे. पेट्रोल आणि एसटीचा हिशेब ठेवला नाही. आज कुणी थेट शेवटची रचना केली तर दोन दिवसांचं काम आहे, मला अकरा आठवडे लागले. लाल-हिरवे वगळले तर एका दिवसात होईल आणि पहिल्यांदा वगळाच, असं मी सांगेन.

शेजारच्या दोघांनी रेडियम पट्टी मागितली. उरलेली त्यांना दिली. जाळ्याच्या बाटल्यांनाही लावायची असं भाच्याने काढलं, एका बाटलीला बोटभर तुकडा पुरतो, तो शनिवारी लावून बघणार आहे.

राहिलेलं काम: जादा बल्ब प्लास्टिकच्या पिशवीत घालून काठीच्या खोबणीशेजारी बांधायचा. २९ जानेवारीच्या अमावस्येला जोड पुन्हा उघडून तार बघायची.